आरसा नसलेली दुर्बीण: अवकाशातून गॅमा किरण कसे टिपतात, हे वर्गात कसं शिकवावं

दुर्बीण म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर नळी येते, पुढे भिंग, मागे डोळा. गॅमा किरणांच्या दुर्बिणीत यातलं काहीच नसतं, आणि धडा अडतो तो इथेच. 'गॅमा किरण दुर्बिणीत शिरतो आणि त्याचा फोटो निघतो' अशी समजूत एकदा बसली की पुढचं सगळं पाठांतर होतं. पहिल्या दहा मिनिटांत ती मोडायची. हे यंत्र गॅमा किरण पाहत नाही. ते किरणाला धडकवतं, त्याचे तुकडे होऊ देतं आणि त्या तुकड्यांच्या मागांवरून तो कुठून आला, केवढ्या ऊर्जेचा होता, हे मागाहून ठरवतं. खालची मांडणी नववी ते बारावीसाठी आहे. पाच तासिका लागतात. घाई असेल तर पत्ते आणि मनोरा या दोन कृती तरी ठेवा.

आरसा का चालत नाही

फळ्यावर एकच सूत्र लिहा: तरंगलांबी (नॅनोमीटरमध्ये) = १२४० ÷ ऊर्जा (इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये). मुलांकडून तीन आकडे काढून घ्या. हिरव्या प्रकाशाची ऊर्जा सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ५१७ नॅनोमीटर. १०० केईव्हीच्या (१ केईव्ही = हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट) किरणाची तरंगलांबी ०.०१२४ नॅनोमीटर. १ जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या) गॅमा किरणाची त्याच्याही दहा हजारपट कमी, १.२४ फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग). आता तुलनेला दोन मापं द्या: अणूचा व्यास साधारण ०.१ नॅनोमीटर, प्रोटॉनचा सुमारे १.७ फेम्टोमीटर. हिरव्या प्रकाशाला आरसा सपाट भिंत वाटतो. जीईव्ही गॅमाला तोच आरसा म्हणजे मैलामैलावर एकेक खांब रोवलेलं कुंपण.

कुणीतरी हमखास विचारतं, 'मग क्ष-किरणांच्या दुर्बिणीत आरसे कसे असतात?' प्रश्न रास्त आहे. तिथे किरण आरशाला जवळजवळ समांतर, अगदी घासून जातात. नुस्टार या दुर्बिणीने ही युक्ती ७९ केईव्हीपर्यंत ताणली. त्याच्या बऱ्याच वर गेलं की घासून जाण्याचा कोन इतका बारीक करावा लागतो की आरसे व्यवहार्य राहत नाहीत.

वातावरणाचा मुद्दा दोन मिनिटांत संपतो, पण तिथे एक चुकीचं उत्तर ठरलेलं असतं: 'ओझोनचा थर अडवतो.' ओझोनचा इथे संबंध नाही. जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवा आहे, म्हणजे दहा मीटर पाण्याइतका पदार्थ. गॅमा किरण त्याला कुठे ना कुठे धडकतोच. म्हणून यंत्र वर न्यावं लागतं. नासाची फर्मी ही गॅमा किरणांची दुर्बीण ११ जून २००८ रोजी सोडली गेली. ती साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून दीड तासाला एक फेरी मारते.

तीन प्रकारच्या धडका

गॅमा किरण पदार्थात तीन प्रकारे अडकतो. कमी ऊर्जेला तो सगळी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला देऊन संपतो. मधल्या पट्ट्यात, म्हणजे ढोबळमानाने शेकडो केईव्हीपासून काही एमईव्हीपर्यंत (१ एमईव्ही = दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट), तो इलेक्ट्रॉनला टोला देऊन स्वतः वेगळ्या दिशेने सटकतो. हा कॉम्प्टन परिणाम. त्याहून वर तो अणुकेंद्राजवळ नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते. जोडीसाठी किमान १.०२२ एमईव्ही लागतात, दोन्ही कणांचे प्रत्येकी ५११ केईव्ही. इथे 'केंद्र कशाला हवं?' हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. ऊर्जा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी जुळवायचे तर धक्का सोसायला तिसरा कुणी लागतो. केंद्र जितकं जड, तितकी जोडी बनण्याची शक्यता जास्त. टंगस्टन (अणुक्रमांक ७४) वापरतात तो म्हणून.

फळ्यावर तीन रकाने आखून प्रत्येकाखाली एक यंत्र लिहा. पहिल्या पट्ट्यात छिद्रांच्या मुखवट्याची (शोधकापुढे छिद्रं पाडलेला पत्रा असलेली) यंत्रं येतात: युरोपच्या इंटिग्रल उपग्रहावरची, किंवा भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरचा कॅडमियम झिंक टेल्युराइड शोधक. मुखवट्याची सावली कुठे सरकली त्यावरून दिशा कळते. दुसऱ्या पट्ट्यात नासाच्या जुन्या कॉम्प्टन अवकाश वेधशाळेवरचं कॉम्पटेल. तिसऱ्यात फर्मीचं मुख्य यंत्र, लार्ज एरिया टेलिस्कोप. पहिल्या दोन रकान्यांवर वेळ घालवू नका. तिसऱ्यात यंत्राचा प्रत्येक भाग वर्गात हाताने करून दाखवता येतो, म्हणून पुढचा सगळा वेळ तिथे.

पत्त्यांचा खेळ: पत्रा जाड की पातळ?

फर्मीच्या मुख्य यंत्रात सोळा मनोरे आहेत, चार बाय चार. प्रत्येक मनोऱ्यात सिलिकॉन पट्ट्यांचे १८ दुहेरी थर, एकात उभ्या पट्ट्या, एकात आडव्या; भारित कण ज्या पट्टीतून जातो ती पट्टी खूण देते. वरच्या १२ थरांवर टंगस्टनचा पातळ पत्रा (सुमारे ०.१ मिलिमीटर), पुढच्या चारांवर जाड (सुमारे ०.७ मिलिमीटर), शेवटच्या दोनांवर पत्रा नाही. ही विचित्र वाटणी का, हे मुलांनी स्वतः शोधून काढायचं.

प्रत्येक विद्यार्थी एक गॅमा किरण. ५२ पत्त्यांचा कॅट पिसायचा, एक पत्ता ओढायचा, परत ठेवून पुन्हा पिसायचं.

पातळ थर, १२ वेळा: इस्पिकचा एक्का आला तर जोडी बनली, तिथेच थांबायचं.

जाड थर, ४ वेळा: इस्पिकचा एक्का ते सत्ती यांपैकी कुठलाही पत्ता आला तर जोडी बनली.

सोळाही थर पार झाले तर किरण न दिसता निघून गेला.

आकडे मनाने घेतलेले नाहीत. पातळ पत्र्यात जोडी बनण्याची शक्यता सुमारे २.३ टक्के, जाड पत्र्यात सुमारे १३ टक्के. पत्त्यांत ती १.९ आणि १३.५ पडते. चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी ८ किरण पातळ थरांत, १४ जाड थरांत अडकतात आणि १८ निसटतात. एका वर्गात हे आकडे चांगलेच हलतात, म्हणून प्रत्येकाने दोन-तीन किरण खेळावेत आणि बेरीज फळ्यावर करावी. खऱ्या यंत्रात सिलिकॉन आणि आधाराचं साहित्यही भर घालतं, त्यामुळे वरच्या भागाचा वाटा यापेक्षा जास्त असतो.

निम्मे किरण हातचे जातात हे पाहून कुणीतरी म्हणेलच, 'मग सगळेच पत्रे जाड करा ना!' या वाक्याची वाट पाहा. ते आलं नाही तर स्वतः म्हणा. मग दुसरी बाजू मांडा. जोडीतला प्रत्येक कण पत्र्यातून जाताना अणूंना चाटून थोडा थोडा वळतो. ५० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन एका पातळ पत्र्यात साधारण अडीच अंश वळतो, जाड पत्र्यात सहा अंशांच्या आसपास. ऊर्जा दहापट केली की वळण दहापट कमी. जाड पत्रा किरण जास्त पकडतो, पण दिशा पुसून टाकतो. वर पातळ आणि खाली जाड ही वाटणी दोन्हींतली तडजोड आहे.

मनोरा बांधा, पण दाखवू नका

साहित्य, प्रत्येक गटाला: २० × २० सेंटिमीटरचे सहा पुठ्ठे, चार बांबूच्या काड्या (२५ सेंटिमीटर), स्ट्रॉचे ३ सेंटिमीटरचे वीस तुकडे, दोन रंगांची लोकर, जाड सुई, आलेखाचा कागद. पुठ्ठ्यांवर १ सेंटिमीटरच्या चौकटी आखा. उभ्या पट्ट्यांना क्ष १ ते २० आणि आडव्यांना य १ ते २० असे क्रमांक द्या. चारही कोपऱ्यांतून काड्या घालून पुठ्ठ्यांमध्ये स्ट्रॉचे तुकडे अडकवले की सहा थरांचा, १५ सेंटिमीटर उंचीचा मनोरा होतो. सहाही पुठ्ठे एकावर एक ठेवून कोपऱ्यांची भोकं एकदमच पाडा. वेगवेगळी पाडली तर थर सरकतात आणि सरळ धागा आलेखावर वाकडा दिसतो. (खऱ्या यंत्रातही थरांची सरळ रेष तपासणं हे मोठं काम असतं. तिथे आरपार जाणाऱ्या विश्वकिरणांचे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या भारित कणांचे, सरळ माग वापरतात.)

अ गट घटना रचतो. पहिल्या थरात काहीच नाही, कारण गॅमा किरणावर विद्युतभार नसतो आणि तो माग सोडत नाही. दुसऱ्या थरातल्या एकाच छिद्रात दोन्ही धागे गाठ मारून अडकवायचे, तिथून खाली वेगवेगळ्या छिद्रांतून ओवायचे. मग अ गटाने प्रत्येक थरातल्या फक्त पट्ट्यांचे क्रमांक कागदावर लिहून ब गटाला द्यायचे. मनोरा ब गटाच्या नजरेला पडता कामा नये. अवकाशातून खाली येतात ते आकडेच, चित्र नाही. ही अट ढिली केली तर कृतीतला जीवच जातो.

नमुन्यासाठी एक घटना सगळ्यांनी मिळून सोडवा. क्ष पट्ट्या: थर १ रिकामा, थर २ मध्ये ८, थर ३ मध्ये ८ आणि ९, थर ४ मध्ये ८ आणि १०, थर ५ मध्ये ८ आणि ११, थर ६ मध्ये ८ आणि १२. य पट्टी सगळीकडे १२. आलेखावर आडवा क्ष, उभी खोली (दर थराला ३ सेंटिमीटर) घेऊन ठिपके मांडले की उलटा इंग्रजी 'व्ही' दिसतो. त्याचं टोक म्हणजे जोडी जन्मली ती जागा.

आता दिशा. बहुतेक मुलं दोन रेषांच्या बरोबर मधून रेघ ओढतात: दर थराला अर्धी पट्टी, म्हणजे ३ सेंटिमीटरला ०.५, कोन ९.५ अंश. दोन्ही कणांची ऊर्जा सारखी असेल तरच हे बरोबर. आता सांगा, की तिरक्या मागाच्या कणाची ऊर्जा ३०० एमईव्ही आणि सरळ मागाच्या कणाची १०० निघाली. जास्त ऊर्जेच्या कणाला जास्त वजन द्यायचं, चारातले तीन भाग: दर थराला ०.७५ पट्टी, कोन १४ अंश. माग तेच, ऊर्जा वेगळी, तर आकाशातली जागा साडेचार अंशांनी सरकली. म्हणजे दिशा काढायलाही ऊर्जा मोजावी लागते, आणि मनोऱ्याखाली दुसरं यंत्र का आहे याचं एक कारण मुलांना आपोआप मिळतं. एक कबुली मात्र द्या: हा 'व्ही' मुद्दाम पसरट केला आहे. १०० एमईव्हीला जोडीतला कोन साधारण एका अंशाचा असतो, ऊर्जा वाढेल तसा आणखी मिटतो. फर्मीच्या सिलिकॉन पट्ट्या ०.२२८ मिलिमीटर अंतरावर आहेत त्या म्हणूनच.

दुसऱ्या फेरीत अ गटाला दोन्ही दिशांना फाकणारे धागे घालू द्या. ब गटाकडे एखाद्या थरातून क्ष ८ आणि १०, य ५ आणि १२ असे आकडे येतील, आणि गट अडकेल. ठोके, म्हणजे कण थराला लागले त्या जागा, (८,५) आणि (१०,१२) की (८,१२) आणि (१०,५)? चारही जागा पट्ट्यांना मान्य आहेत, दोन खोट्या आहेत. त्यांना भुताचे ठोके म्हणायला मुलांना आवडतं. मॉडेल चुकलं असं समजून काही गट आकडे 'दुरुस्त' करतात, त्यांना थांबवा. पट्ट्यांच्या शोधकाची ही अंगभूत मर्यादा आहे. ती सोडवायला खालच्या थरातल्या ऊर्जेची जागा उपयोगी पडते. अ गटाने आता एवढाच सुगावा द्यायचा: तळाच्या कुठल्या दोन चौकटींत ऊर्जा पडली.

खालचे स्फटिक, वरचं कवच

मनोऱ्याखाली सिझियम आयोडाइडचे स्फटिक आहेत: दर मनोऱ्याला ९६, आठ थरांत बारा-बारा, एकाआड एक थर आडवा-उभा. एकूण १५३६. कण आणि त्यांनी निर्माण केलेली सर (एकातून दोन, दोनातून चार अशी वाढणारी कणांची झुंड) स्फटिकात प्रकाश पाडते. प्रकाश जितका जास्त, तितकी ऊर्जा जास्त. प्रत्येक स्फटिकाच्या दोन्ही टोकांना प्रकाश मोजतात. डाव्या टोकाला जास्त आला तर ऊर्जा डावीकडे पडली. एवढ्यावरून लांबीतली जागा कळते, आणि मघाची भुतं पळवायला तीच हवी होती. फार मोठ्या ऊर्जेची सर स्फटिकांत मावत नाही, तळातून गळते. अशा वेळी थराथरांतल्या वाढीचा आलेख पाहून गळलेला भाग अंदाजतात.

आता खरी अडचण. यंत्रावर येणाऱ्यांत गॅमा अगदी थोडे असतात. बाकी विश्वकिरण, म्हणजे बहुतांश प्रोटॉन. यंत्र सेकंदाला दोन हजारांहून जास्त वेळा जागं होतं, छाननीनंतर काहीशे घटना खाली पाठवतं, आणि त्यांतून शेवटी सेकंदाला मोजके गॅमा उरतात. 'विश्वकिरण म्हणजेच गॅमा किरण' असं मुलं लिहितात, तर फरक इथेच ठसवा: विश्वकिरणांवर विद्युतभार असतो, गॅमावर नसतो. यंत्राला बाहेरून प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या ८९ फरशांचं कवच आहे. भारित कण त्यातून जाताना फरशी चमकते. फरशी चमकली आणि माग त्याच फरशीखालून सुरू झाला, तर घटना बाद. फरशी गप्प आणि माग आतूनच सुरू झाला, तर गॅमा असण्याची शक्यता.

कृती: ३० कार्डं करा. २४ वर चमकलेली फरशी आणि पहिल्या थरापासून एकच माग. तीनांवर फरशी गप्प आणि आतून 'व्ही'. दोनांवर खालून वर येणारा माग. एकावर आतून 'व्ही', तळाशी प्रचंड ऊर्जा, आणि भलतीकडची एक फरशी चमकलेली. हे शेवटचं कार्ड बहुतेक गट फेकून देतात. ते गॅमाचंच आहे: मोठ्या सरीतले काही किरण उलटे वर उसळतात आणि आतून फरशीला लागतात. कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एग्रेट यंत्राचं कवच एकसंध घुमटासारखं होतं, त्यामुळे मोठ्या ऊर्जेचे खरे गॅमा असेच बाद होत. फर्मीचं कवच फरशांचं केलं ते यासाठी. वर्गात हे आधी सांगू नका. कार्ड फेकल्यावर सांगितलं की लक्षात राहतं.

दोन फोनांनी स्फोटाची दिशा

फर्मीवर दुसरं यंत्र आहे ते गॅमा स्फोटांसाठी, म्हणजे आकाशात अचानक उसळणाऱ्या गॅमाच्या झोतांसाठी. त्यात वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले १२ सोडियम आयोडाइड शोधक आणि दोन बिस्मथ जर्मनेटचे आहेत. माग वगैरे काही नाही. ज्याचं तोंड स्फोटाकडे, तो जास्त मोजतो. आकड्यांच्या गुणोत्तरावरून दिशा.

दोन फोन एका खोक्याच्या काटकोनातल्या बाजूंना चिकटवा, प्रकाश मोजणारं ॲप लावा, संवेदकावर (तो बहुधा पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो) ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावा. हा कागद टाळू नका: संवेदक काचेखाली खोल बसलेला असतो आणि तिरका प्रकाश त्याला नीट मिळत नाही. खोली अंधारी करा आणि टॉर्च किमान दोन मीटर दूर धरा. टॉर्च बंद असताना दोन्ही फोनांचे आकडे आधी टिपा. समजा ते ४०-४० लक्स आले, आणि टॉर्च लावल्यावर ३०० व १९०. पार्श्वभूमी वजा केली की २६० आणि १५०, भागाकार (१५० ÷ २६०) ०.५७७, हा कोनाचा टॅन्जंट, म्हणजे पहिल्या फोनच्या समोरच्या दिशेपासून ३० अंश. वजाबाकी विसरली तर ३२ अंश येतात. पांढऱ्या भिंतीजवळ प्रयोग केला तर उत्तर आणखी बिघडतं, कारण भिंतीवरून परतलेला प्रकाशही मोजला जातो. खऱ्या यंत्राचीही हीच डोकेदुखी आहे, भिंतीच्या जागी पृथ्वीचं वातावरण. या पद्धतीत काही अंशांची चूक राहतेच, पण इशारा तत्काळ मिळतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी पोचल्या, त्यानंतर १.७ सेकंदांनी याच यंत्राने गॅमा स्फोट टिपला.

खरी माहिती उघडून पाहणं

फर्मीची गॅमा घटनांची यादी सर्वांसाठी खुली आहे. वेला पल्सरपासून (वेगाने फिरणाऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्यापासून) सुरुवात करा; गॅमा आकाशातला तो सर्वांत तेजस्वी स्थिर स्रोत आहे. शोधताना भरायचे आकडे: विषुवांश (आकाशातला रेखांश) १२८.८, क्रांती (आकाशातला अक्षांश) −४५.२ अंश, त्रिज्या १५ अंश, काळ दोन आठवडे, ऊर्जा १०० एमईव्हीच्या वर. फाइल फिट्स या खगोलशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या प्रकारची येते. टॉपकॅट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती थेट उघडते.

उघडण्याआधी एक हिशेब करून घ्या. वेलाकडून १०० एमईव्हीच्या वरचे गॅमा दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला साधारण एक लाखांश येतात. यंत्राचं परिणामी क्षेत्रफळ (गॅमा प्रत्यक्ष टिपण्याच्या दृष्टीने भरणारं) जास्तीत जास्त ८००० चौरस सेंटिमीटर धरलं, तर सर्वांत तेजस्वी स्रोताकडूनही बारा सेकंदांना एक. कमी ऊर्जेला क्षेत्रफळ घटतं आणि स्रोत सतत समोर नसतो, म्हणून प्रत्यक्षात याहून बरेच कमी. फर्मी एका वेळी आकाशाचा पाचवा भाग पाहते आणि सुमारे तीन तासांत सगळं आकाश फिरून घेते. चित्र महिनोन् महिने ठिपका-ठिपका भरत जातं. नकाशातले रंग माणसांनी दिलेले आहेत, हेही इथे सांगून टाका.

मग चुका टाळायच्या. खमध्यापासूनचा (दुर्बिणीच्या थेट वरच्या, पृथ्वीपासून दूरच्या दिशेपासूनचा) कोन ९० अंशांपेक्षा जास्त असलेल्या ओळी काढून टाका. पृथ्वीच्या वातावरणाची कड गॅमात झगझगीत दिसते, ती नाहीतर मिसळते. विषुवांश-क्रांतीचा साधा आलेख काढला तर ठिपका आडवा ताणलेला दिसतो, कारण −४५ अंशांवर विषुवांशाचा एक अंश आकाशात ०.७ अंशच असतो. त्यापेक्षा फाइलीतले दीर्घिकीय (आकाशगंगेच्या पट्ट्यावरून मोजलेले) रेखांश-अक्षांश घ्या. वेला अक्षांश −२.८ वर आहे, तिथे ताण येत नाही. आकाशगंगेचा पट्टा मात्र चित्रात दिसणार. तो स्रोताचा भाग नव्हे.

आता एकाच फाइलीचे दोन आलेख शेजारी-शेजारी काढायला सांगा: एकात १०० ते ३०० एमईव्ही, दुसऱ्यात १ जीईव्हीच्या वर. पहिल्यात कित्येक अंश पसरलेला ढग, दुसऱ्यात घट्ट ठिपका. स्रोत एकच, मग फरक कशाचा, ते मुलांनीच सांगायचं. फर्मीची दिशा १०० एमईव्हीला सुमारे पाच अंशांनी हलते, १ जीईव्हीला अंशाहून कमी, १० जीईव्हीच्या वर अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास. 'वेला मोठा आहे' असं उत्तर आलं तर त्याच यादीतला जोडी कुठे बनली हे सांगणारा रकाना उघडून द्या. त्यात ० म्हणजे वरचे पातळ पत्रे, १ म्हणजे खालचे जाड. सारख्याच ऊर्जेच्या पट्ट्यात ० चे ठिपके वेगळे काढले की ढग ठळकपणे आवळतो, आणि पत्त्यांच्या खेळातला 'सगळेच पत्रे जाड करा' म्हणणारा विद्यार्थी आपण होऊन हात वर करतो.